पावसात गाडी काढायला दादाची परवानगी

तीर्थस्वरूप दादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की वडीलधाऱ्यांना पत्रात 'आपण' म्हणावं. पण मी तुला उभ्या आयुष्यात कधी 'आपण' म्हटलेलं नाही, आणि पन्नाशीला टेकल्यावर म्हणायला लागलो तर तुला वाटेल, याला काहीतरी हवंय. म्हणून 'तू'च.) तुझी, वहिनींची आणि लेकीची तब्येत उत्तम असेल आणि तुमच्याकडे हवा कोरडी असेल अशी देवाजवळ प्रार्थना. इकडे गाडी सुखरूप आहे. फोनवर तू आधी तेच विचारतोस, म्हणून आधी तेच लिहिलं. बॅटरी भरलेली आहे, टायरात हवा आहे, उंदीर नाहीत, आणि ओल मोजायला तू जे घड्याळ पाठवलंस त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे. मग तू विचारतोस, बाकी सगळे ठीक ना? आणि मी म्हणतो, हो, ठीक. त्या 'बाकी'त आपले जन्मदाते अण्णा येतात. आज त्या बाकीविषयीच जरा सविस्तर लिहायचं आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर तुझी मीटिंग आडवी येते. पत्र बिचारं टेबलावर पडून राहतं, तुला सवड होईपर्यंत.

सुरुवात गाडीच्या कव्हरापासून करतो, कारण चूक तिथून झाली. गेल्या महिन्यात एका सकाळी बॉयलर पेटवून, देवाला हात जोडून मी तुझ्या गाडीचं पांढरं सुती कव्हर धुवायला घेतलं. तुझ्या सूचना भिंतीवर लावलेल्याच आहेत: कोमट पाणी, सौम्य साबण, ब्रश नाही. सगळं पाळलं. पण दादा, तूही याच लॉन्ड्रीत वाढलास, तुला कळेल. आपल्या घरात पांढरं कापड धुतलं की हात आपोआप स्टार्चच्या बादलीकडे वळतो. त्यात डोक्याचा काही संबंध येत नाही. हॉटेलच्या टेबलक्लॉथबरोबर तुझं कव्हरही बुडालं, आणि माझ्या ध्यानात आलं तेव्हा ते पिळूनसुद्धा झालं होतं. बरं, वाळवायचं कुठे? बाहेर पावसाची झड. वाळवायच्या खोलीत गाडी. शेवटी ते गाडीवरच घालून वाळवलं. (तू आत्ता उठून उभा राहिला असशील. बस. मध्ये जुन्या चादरी घातल्या होत्या, रंगाला काही झालेलं नाही.) वाफेच्या नळांच्या उबेने ते असं काही कडक झालं की दुसऱ्या दिवशी मी आणि तुझ्या धाकट्या भावजयीने दोन टोकांना धरून उचललं, तर एकही घडी न पडता बॉनेट, काच, छप्पर आणि शेपटीसकट अख्खी गाडी हातात आली. म्हणजे आतून पोकळ. ती आम्ही पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, तर तिथे ती आपली आपण उभी राहिली. बायको म्हणाली, "ही बरी आहे. हिला पेट्रोल लागत नाही आणि हिचा फोन येत नाही."

तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. ती तुझ्या गाडीला थोरल्या जाऊबाई म्हणते. (वहिनी, आपण हे वाचत असाल तर राग मानू नका, तिचा रोख खरोखरच गाडीवर आहे.) तिचं म्हणणं असं की थोरल्या जाऊबाई घरात आल्या, सगळ्यात चांगली खोली घेऊन बसल्या, काडीचं काम करत नाहीत, ओल त्यांना सोसत नाही, ऊन त्यांना सोसत नाही, आणि आपण सगळ्यांनी त्यांच्या भोवती चवड्यांवर चालायचं. यातलं खोटं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तू ती गाडी इथे ठेवायला आणलीस तो दिवस मला चांगला आठवतो. तुमच्या इमारतीत गाड्या उघड्यावर लावतात, आणि आपली वाळवायची खोली सगळ्या गावात कोरडी, हे तुझ्या बरोबर लक्षात होतं. इतकी वेगवान गाडी, पण ती आली ट्रकवर चढून, पांघरूण घेऊन. तूही त्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून आलास आणि त्याच ट्रकने परत गेलास. तेवढ्या वेळात तू खोलीच्या भिंतींना हात लावून पाहिलास, छपराला पाहिलंस, नळांना पाहिलंस. अण्णा दारात उभे होते. जाताना तू म्हणालास, "अण्णा, पहिली फेरी तुम्हाला. हवा जरा चांगली होऊ दे." अण्णांनी ते खरं धरलं. त्यानंतर ते रोज सकाळी उठून आभाळाकडे बघतात. पावसाळ्यात तू म्हणालास गंज चढेल. उन्हाळ्यात म्हणालास रंग उडेल. मधल्या दिवसांत वारा होता, धूळ होती. मी पुष्कळ विचार केला, पण ही गाडी ज्या हवेत चालते ती हवा देवाने अजून सोडलेली दिसत नाही.

तर कव्हर शेडमध्ये उभं होतं. अण्णांची नजर आता किती अधू झाली आहे ते तुला ठाऊक नसेल. (तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, दोघेही सारखेच.) मी आत कपड्यांचे गठ्ठे सोडत होतो. अण्णा उठले, शेडकडे गेले, आणि त्यांना दिसलं की गाडी बाहेर काढून ठेवली आहे. गाडी बाहेर म्हणजे तू आलास. त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. स्वतः जाऊन आंघोळ केली, कपाटातून कडक इस्त्रीचा शर्ट काढून घातला, केस विंचरले, आणि स्टूल नेऊन कव्हराशेजारी बसले. शेडच्या उघड्या बाजूने पावसाचे तुषार येत होते. मी गठ्ठे संपवून बाहेर आलो तेव्हा ते नखशिखांत ओले होते आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. मला बघून म्हणाले, "तो आत बसलाय ना? म्हटलं फोनवर बोलत असेल. बोलू दे, घाई नाही." आणि त्यांनी हलकेच, काचेवर टकटक करावं तसं, कव्हरावर टकटक केलं. कव्हर आत दबलं आणि दबलेलंच राहिलं. अण्णांनी बोटं मागे घेतली. त्या खळग्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "स्टार्च जास्त झालाय रे."

दादा, मी त्या वेळी हसलो. बायकोही हसली. अण्णाही हसले. तुला लिहिताना मात्र हसू येत नाही. असो.

त्या ओलीने छाती धरली. डॉक्टरबाई आल्या. इथे तुला घराची स्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाळवायची खोली अडल्यापासून पावसाळ्यात आम्ही कपडे स्वयंपाकघरात वाळत घालतो, जिन्यात घालतो, आणि जागा उरली नाही की अण्णांच्या खोलीत दोऱ्या बांधून घालतो. लॉजच्या चादरी त्यांच्या खाटेवर अशा लोंबत असतात की अण्णा म्हणतात, मेल्यावर ढगात जायचं ते मी आधीच येऊन बसलो. डॉक्टरबाई छाती तपासायला वाकल्या, तेव्हा वरच्या चादरीतून एक थेंब त्यांच्या मानेवर पडला. त्यांनी वर पाहिलं, भिंती पाहिल्या, मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, फुफ्फुसं थकली आहेत, वय झालं आहे, फार दिवसांची आशा धरू नका. पण आहेत ते दिवस तरी यांना कोरड्या, उबदार खोलीत ठेवा, अशी एखादी खोली आहे का घरात?

आहे. ती अण्णांनीच बांधली. नळ कसे फिरवायचे, हवा कुठून घ्यायची, सगळं त्यांच्याच डोक्यातून. मी तुला त्याच दुपारी फोन केला, आठवत असेल. म्हटलं, गाडी शेडमध्ये हलवतो, अण्णांची खाट आत घेतो. तू म्हणालास, "अरे, असं एकदम नको. उघड्यावर एक रात्र राहिली तरी संपलं. पाऊस थांबेपर्यंत कळ काढ, तोवर मी हीटर पाठवतो." हीटर आला. त्याच खोक्यात गाडीत ठेवायच्या ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या. पुड्या पुष्कळ होत्या. हीटर मात्र एवढासा होता. अण्णांनी त्यावर हात शेकले आणि विचारलं, "आणखी काही म्हणाला?" मी म्हटलं, तब्येतीची चौकशी केली. खोटं बोललो. देवापुढे त्याची कबुली दिली आहे, तुझ्यापुढे आता देतो.

उपाय बायकोने काढला. ती म्हणाली, खाट आत मावत नाही, पण जाऊबाईंच्या पोटात जागा आहे ना? तुझ्या गाडीची शेजारची सीट मागे रेलते आणि मऊ आहे. तिथे अण्णांना बसवलं, पांघरूण घातलं, दार लावून घेतलं. दादा, त्यांचा श्वास शांत झाला. बऱ्याच दिवसांनी ते न खोकता झोपले. तेव्हापासून रोज दुपारी अण्णा तुझ्या गाडीत झोपतात. (ही गोष्ट तुला विचारून केली नाही, याबद्दल माफी असावी. पायपुसणं घातलं आहे. खडीसाखर खायला दिलेली नाही.) अडचण एकच. ती सीट इतकी खाली आहे की बसताना माणूस बसत नाही, पडतो. आणि अण्णांच्या गुडघ्यांत आता उठण्यापुरतं बळ राहिलेलं नाही. एकट्याने ओढून काढता येत नाही, मी प्रयत्न केला, आम्ही दोघेही आत पडलो. दोन माणसं लागतात: एकाने डावा हात धरायचा, एकाने उजवा, आणि एकदम ओढायचं. म्हणून रोज संध्याकाळी शेजारच्या ब्रेककाकांना बोलावतो. (तू त्यांना ओळखत नाहीस. निवृत्त बस ड्रायव्हर आहेत. कुणाच्याही गाडीत बसले की दर वळणावर "ब्रेक!" म्हणून ओरडतात, उभ्या गाडीतसुद्धा.)

एकदा मी म्हटलं, अण्णा, तुम्ही स्टिअरिंगच्या बाजूला बसा, तिकडे पाय लांब करता येतील. म्हणाले, "नको, ती थोरल्याची जागा." आणि दादा, मी आत कपडे मोजत असताना कधीकधी ते त्या रिकाम्या जागेशी बोलतात. वेड लागल्यासारखं नाही, चांगलं शहाण्यासारखं बोलतात. लॉन्ड्रीचं सांगतात, आईचं सांगतात. एकदा तुझ्या परीक्षेचं सांगत होते. वादळ सुटलं होतं, बस बंद होत्या, आणि तुझा शर्ट भिजू नये म्हणून त्यांनी तुला लॉन्ड्रीच्या मेणकापडात गुंडाळून सायकलवर पुढे बसवून नेलं. तू कोरडा पोचलास, पहिला आलास, आणि अण्णा आठवडाभर तापाने पडले. मला ही गोष्ट पाठ आहे. पण मोकळ्या सीटला सांगताना ते शेवटी म्हणाले, "त्या दिवशी पाऊस बघितला असता तर तू आज इथेच इस्त्री करत असतास." मग हसले आणि झोपले.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. माझं शिक्षण थोडं, पण इस्त्री करताना डोकं मोकळं असतं, तेव्हा जमेल तसा विचार करतो. परवा कव्हर काढून गाडी पुसत होतो तर वायपर काचेला चिकटून बसलेले. कधी फिरलेच नाहीत. ते हलकेच सोडवले आणि मनात आलं, ज्या कुणी ही गाडी बनवली त्याने तिला वायपर दिले आहेत. म्हणजे त्याच्या मनात पाऊस होता. त्याने ही वस्तू पाऊस धरूनच घडवली, जशी देवाने डोळ्यांना पापणी दिली. भिजायचंच नसतं तर पापणी कशाला दिली असती? हा मुद्दा मी ब्रेककाकांपुढे ठेवला. ते म्हणाले, "पाणी साचलं असेल तिथे हळू जायचं, रुंद चाकं घसरतात. बाकी गाडी म्हणजे गाडीच. आमची बस तर आतूनपण गळायची."

आणि एक लाजिरवाणी गोष्ट. इतके महिने सकाळी देवापुढे उभा राहून मी पाऊस उघडू दे असं मागत होतो, ते खरं कुणासाठी? अण्णांसाठी असं वाटायचं. नीट पाहिलं तर गाडीसाठी. देवाकडे जाऊन एका यंत्रासाठी ऊन मागायचं म्हणजे फारच झालं. आता ते मागणं बंद केलं आहे.

अण्णांनी मात्र काल सरळच विचारलं. संध्याकाळी आम्ही दोघे त्यांना ओढून काढत होतो तर त्यांनी हात सोडवून घेतले. म्हणाले, "तो येत नाही, तर आपण जाऊ. ही चालते ना?" मी म्हटलं, चालते अण्णा, पण हवा वाईट आहे. ते म्हणाले, "माझी त्याहून वाईट आहे." डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रवास करू नये असं डॉक्टर म्हणून सांगते. पण इथे ठेवूनही मी फार काही करू शकत नाही. आपली व्हॅन पाणी शिरून बंद पडली आहे. भाड्याच्या गाडीत अण्णा बसायला तयार नाहीत, पहिल्या फेरीचं वचन या गाडीचं आहे म्हणतात. तेव्हा दादा, धाकट्या भावाच्या नात्याने हात जोडून विचारतो: या वाईट हवेत तुझी गाडी काढू की न काढू? मालक तू, निर्णय तुझा. तू नाही म्हणालास तर मी अण्णांना काहीतरी सांगेन, सांगायची आता सवय झाली आहे. तुझं मत कळव. वहिनींना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. सकाळी पाकीट बंद करणार, तोच अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. पत्र पोस्टात टाकायला तर हवंच, आणि पाऊस असा की छत्री टिकेना. व्हॅन बंद. तेव्हा फक्त पोस्टापर्यंत, तेही पत्र तुझंच म्हणून, तुझी गाडी काढत आहे. अण्णाही सोबत येतो म्हणतात. ब्रेककाकांनी आणि मी मिळून त्यांना आत सोडलं आहे. देवाकडे आज एवढंच मागितलं की वायपर चालावेत.

ता. क. दुसरा. वायपर चालतात. पहिल्यांदा असे किंचाळले की अण्णा दचकले आणि मग लहान मुलासारखे हसायला लागले. पोस्ट मागे राहिलं. या गाडीचं असं आहे की बघायची वस्तू दिसेपर्यंत ती मागे गेलेली असते. तशी मी सावकाशच चालवतो आहे, बैलगाडीवाल्याने शिवी दिली इतकी सावकाश. गतिरोधकावर पोट घासलं, दोनदा, आवाज चांगला नव्हता. खिडकीपर्यंत चिखल आहे. आत्ता पेट्रोलपंपावर थांबलो आहे. लोक गाडीचे फोटो काढतात, अण्णा त्यांना काच खाली करून सांगतात, "थोरल्याची आहे." त्यामुळे सीट भिजली. अण्णांना धाप आहे, पण ते थांबू देत नाहीत.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. हे पत्र तुमच्या इमारतीच्या वॉचमनने आणून दिलं आहे, त्याला चहा पाज, भला माणूस आहे. खिडकीत येऊन खाली बघ. गाडी उघड्यावर उभी आहे, पाऊस तिच्यावर पडतो आहे, आणि तिला काहीही झालेलं नाही. किल्ली मी आता परत घेणार नाही, तिच्यातच लावून ठेवली आहे. घरी बायकोने वाळवायच्या खोलीत खाट लावून ठेवली असेल. आम्ही परत बसने, किंवा तू सोडशील तर तुझ्याबरोबर. अण्णा अजून आतच आहेत. वॉचमन हात द्यायला तयार होता, मीही म्हटलं, उतरा. ते म्हणतात, एक हात तुझा झाला, दुसरा त्याचाच. मी डाव्या बाजूला उभा आहे. ये. छत्री आणू नकोस, दोन्ही हात लागतील.